संगणकाचे कोटेशन वाचताना
(समितीच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आपल्या नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी बोलायला सुरुवात करतो.

संगणकावर कला शाखेच्या पदवीधराने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण बँकेत कर्जाच्या अर्जांबरोबर संगणकाची कोटेशने येतात, ती माझ्या नजरेखालून जातात. त्यांत प्रोसेसरचे नाव पूर्ण असते, ग्राफिक कार्डाचेही असते. पुढे मात्र नुसते 'मदरबोर्ड, १ नग' आणि 'गेमिंग कॅबिनेट, १ नग'. सत्तर-ऐंशी हजारांची खरेदी, आणि ज्या दोन वस्तूंवर बाकी सारे उभे राहायचे त्यांनाच नाव नाही! आपल्या घरांत हा पैसा पीएफमधून, पतपेढीतून किंवा आईच्या बचत गटातून येतो. म्हणून आज या दोनच वस्तूंविषयी बोलणार आहे.

पालकांची पहिली हरकत 'गेमिंग' या शब्दाला असते. परंतु ज्या ग्राफिक कार्डावर खेळ चालतो, त्याच कार्डावर ब्लेंडरमधले ॲनिमेशन, व्हिडिओचे एडिटिंग आणि आर्किटेक्चरच्या मुलीची त्रिमिती चित्रे तयार होतात. खेळ किती तास, हे घरात बसून ठरवावे. त्यासाठी संगणकच दुबळा घेण्यात अर्थ नाही.

मदरबोर्ड घेताना आधी सॉकेट पाहावे, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा. ती जुळली नाही तर पुढचे सारे व्यर्थ. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे रायझन प्रोसेसर २०१७ साली आले. त्या वेळी घेतलेल्या अनेक बोर्डांवर, बायोस अद्ययावत करून, २०२२ सालचा प्रोसेसरही बसवता आला. एवढे आयुष्य मिळाले की पैसे फिटले. २०२२ साली आलेल्या एएम५ साठी नवे प्रोसेसर २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलचे एलजीए१७०० सॉकेट २०२१ साली आले आणि २०२४ साली त्याच्या जागी एलजीए१८५१ आले. इंटेल वाईट असे मी म्हणत नाही. पण पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर हा फरक आजच ध्यानात घ्यावा.

दुसरी गोष्ट रॅमची. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए१७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत, काही डीडीआर५ चे. एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, खाचच वेगळी असते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भलतेच चढले, तेव्हा घरात चांगली डीडीआर४ रॅम असेल तर ती वापरता येईल असा बोर्ड पाहण्यात शहाणपणच आहे. एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर रॅमच्या जागा दोनच असतात. शिवाय अशा बोर्डावर जबर प्रोसेसर लावला, तर त्याला वीज पुरवणारा भाग तापतो आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. महागड्या प्रोसेसरचे पैसे मग कोठे गेले?

आता कॅबिनेट. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले: ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एटीएक्सच्या कॅबिनेटमध्ये साधारणतः धाकटे बोर्डही बसतात. लहान कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड मात्र बसत नाही. तेवढ्यावर थांबू नये. ग्राफिक कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. पुढची बाजू काचेची बंद असली की दिसते झकास, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. पुढे जाळी, धुळीसाठी काढून धुता येणारी फिल्टर आणि दोन-तीन पंखे असलेले कॅबिनेट घ्यावे. रंगीत दिव्यांचे पैसे एसएमपीएसमध्ये घालावेत.

दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरे, यूट्यूबवर तिसरेच. केसपुत्त नगरीत कालामांनाही हाच प्रश्न पडला होता आणि ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नका, असे भगवंतांनी त्यांना सांगितले. येथे तर पारख सोपी आहे. बोर्डाचे पूर्ण मॉडेल नाव कंपनीच्या संकेतस्थळावर टाकले की कोणता प्रोसेसर चालतो आणि त्याला बायोसची कोणती आवृत्ती लागते, याची यादीच मिळते. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुनी बायोस असेल, तर नव्या प्रोसेसरवर संगणक सुरूच होत नाही. ती अद्ययावत करून देण्याचे कोटेशनवरच लिहून घ्यावे.

कचेऱ्यांतून निघालेले ब्रँडेड संगणक स्वस्तात मिळतात. अभ्यासाला ते उत्तम. पण 'नंतर ग्राफिक कार्ड टाकू' या हिशेबाने घेऊ नका. त्यांतल्या अनेकांचा बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असते. बाजारातला नेहमीचा बोर्ड त्यात बसत नाही, अरुंद पेटीत मोठे कार्डही मावत नाही.

रविवारी वंदनेनंतर मी विहारात असतो. पैसे भरण्याआधी कोटेशन घेऊन या, मुलांबरोबर मुलींनीही या. बोर्डाचे आणि कॅबिनेटचे मॉडेल नाव दुकानदाराकडून लिहून आणा, म्हणजे मापे तेथेच ताडून पाहू.

नमो बुद्धाय! जय भीम!