घरच्या जुन्या मोटारी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. १९१७ साली सुरू झालेल्या पुलगाव-आर्वी अरुंद लोहमार्गावर त्याचे स्थानक होते. ती आगगाडी बंद पडल्यास आता बराच काळ लोटला. अशा गावी घरची मोटार ही केवळ हौसेची वस्तू नव्हे. मध्यरात्री कोणाची छाती दुखू लागली, तर रोग्यास सेवाग्रामच्या रुग्णालयात पोचविण्याचे काम तिलाच करावे लागते. यास्तव पडवीत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांपैकी कोणती ठेवावी व कोणती काढावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो.

समजा, अशा एका घरी तीन गाड्या आहेत. आजोबांनी १९७५ च्या सुमारास घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी. वडिलांची डीझेलवर चालणारी अ‍ॅम्बॅसडर. आणि थोरल्या मुलाने नोकरीच्या कमाईतून घेतलेली मारुती आठशे. एक भाऊ नागपुरास, दुसरा पुण्यास. दोघेही दिवाळीस येतात, गाड्यांवरून हात फिरवितात आणि 'काढू नका' असे बजावून परत जातात. वर्षभर बॅटरी, विमा आणि तारा कुरतडणारे उंदीर सांभाळतो तो तिसरा! गाडीविषयी मत देण्याचा अधिकार खर्चातील वाट्याबरोबर चालावा, हेच न्यायाचे होय.

प्रथम पाहावयाचे ते कागद. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करवून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. हे नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. आणि २०२५ साली, वीस वर्षांहून जुन्या मोटारींस १०,००० रुपये ठरविण्यात आले. पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीतच घालावी लागते, अशी समजूत पुष्कळांची आहे. तसा वयाचा निर्बंध दिल्ली परिसरापुरता घातला गेला; वर्ध्यास तो लागू नाही. मात्र नोंदणी वडिलांच्या नावावर असून ते निवर्तले असतील, तर तीस दिवसांत कार्यालयास कळवून तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करावयास हवा. अनेक घरी गाडीला रंग देण्यास पैसा निघतो, पण या अर्जास मुहूर्त सापडत नाही.

दुसरी परीक्षा पत्र्याची. या तिन्ही गाड्यांस ट्रकसारखा वेगळा सांगाडा नसतो. पत्रा हाच त्यांचा सांगाडा. म्हणून इंजिनाच्या आवाजावर भुलून न जाता पायांखालचे रबरी आच्छादन उचलावे, दारांखालच्या पट्ट्या पेचकसाने टोचून पाहाव्या. पेचकस आत गेला, तर तिचा मोह सोडावा. इंजिन उतरवून बांधता येते. पण गंजलेल्या तळावर मुलाबाळांस बसविणे हे साहस नव्हे, अविचार आहे. विदर्भातील उन्हाळ्यात उभ्या गाडीचे टायर, न झिजताही, तडकतात. खाचा खोल दिसतात म्हणून ते निर्दोष समजू नयेत.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे. पंपावरील पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पद्मिनीच्या काळातील रबरी नळ्या व कार्बोरेटरचे पडदे त्यासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, आणि गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनाशेजारी येते. पद्मिनी ठेवावयाची तर हे भाग बदलणे प्रथम.

अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती आठशे या दोन्हींचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि मारुती इतकी खपली आहे की तिचे सुटे भाग व ती जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या ठिकाणी आजही मिळतो. रात्रीच्या प्रसंगासाठी म्हणूनच तीच ठेवावी. हवेची पिशवी तिच्यात नाही, सबब नागपूरच्या महामार्गावर तिला पळवू नये. पद्मिनीस पन्नास वर्षे झाली असल्याने २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' नोंदणी मिळू शकते; पण मग ती प्रदर्शनास वा जुन्या मोटारींच्या रॅलीस न्यावी, बाजारहाटास नव्हे. पुण्याच्या भावाने तो खर्च व ती निगा पत्करली तर ती राहावी, एरवी एखाद्या जाणत्या हौशी माणसास द्यावी.

राहिली अ‍ॅम्बॅसडर. ऐसपैस खरी, लग्नाच्या वरातींत मिरविलेली; परंतु तळ गेलेला आणि डीझेलचा धूर तपासणीत न टिकणारा. ती भंगारवाल्यास नुसती विकून मोकळे होऊ नये. नोंदणी रद्द न करता दिलेल्या गाडीचे उद्या कोठे काही झाले, तर पोलीस कागदावरील नाव शोधीत घरी येतात. शासनमान्य मोडणी केंद्रात ती द्यावी, जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी. नवी मोटार घेताना त्या प्रमाणपत्रावर करात सूट मिळू शकते. वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेली गिअरच्या दांड्याची मूठ तेवढी आधी काढून घरी ठेवावी. तिला कोणी हरकत घेत नाही.