नामसाम्याचा घोटाळा

सन 1949 मध्ये सातारा जिल्ह्याची फोड होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या वेळी एखाद्या कारकुनास ‘जेथे दक्षिण सातारा दिसेल तेथे सांगली लिही’ एवढाच हुकूम दिला असता, तर ‘दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली ठेवले’ हे वाक्य ‘सांगली जिल्ह्याचे नाव सांगली ठेवले’ असे होऊन बाहेर पडले असते. हुकूम तंतोतंत पाळला गेला. अर्थ मात्र बुडाला!

सी आणि सी प्लस प्लस या भाषांतील प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कंपायलरच्या दारात असाच एक कारकून बसलेला असतो. त्यास प्रीप्रोसेसर म्हणतात. त्याचे हुकूम म्हणजे मॅक्रो, आणि ते ज्या सामायिक कागदांत असतात ते हेडर.

लिनक्सवरील जीलिबसी या ग्रंथालयात ‘मेजर’ व ‘मायनर’ असे दोन मॅक्रो आहेत. उपकरणाच्या क्रमांकाचे दोन भाग काढून देणे हे त्यांचे काम. ते पूर्वी ‘टाइप्स’ या हेडरमधून न मागताच येत. आता आवृत्तीच्या क्रमांकांनाही मेजर-मायनरच म्हणण्याचा प्रघात. कोणी आपल्या क्लासमध्ये ‘मेजर’ हे नाव योजून त्यापुढे गोल कंस केला, की कारकून तेथे ‘जीएनयू-डेव्ह-मेजर’ लिहून मोकळा. मग असे क्षेत्रच या क्लासात नाही, अशी कंपायलरची तक्रार. आणि बिचारा लेखक आपल्या कागदात कधीच न लिहिलेला शब्द शोधीत बसतो. बत्तीस शिराळे म्हटले की कोणते शिराळे हा प्रश्न उरत नाही. नेमस्पेसचा उपयोग तोच. परंतु हा कारकून नेमस्पेस जाणतच नाही.

सन 2017 च्या 2.25 या आवृत्तीने इशारा दिला व 2018 च्या 2.28 ने हे मॅक्रो ‘टाइप्स’मधून काढले. त्यामुळे ज्यांना ते खरोखरच हवे होते त्यांचे जुने प्रोग्राम अडले. त्यांनी आता ‘सिसमॅक्रोज’ हे हेडर स्वतः मागावयाचे. पण सोलॅरिसवर तेच ‘एमकेडेव्ह’मध्ये असतात, तर फ्रीबीएसडीवर ‘टाइप्स’मध्येच! म्हणून आधी चौकशी करणे आले. सी प्लस प्लस 17 मध्ये ‘हे हेडर आहे काय?’ असे विचारण्याची सोय झाली. मात्र कागद असणे निराळे आणि त्यात हवा तो मजकूर असणे निराळे. ऑटोकॉन्फ चार ओळींचा प्रोग्राम खरोखर कंपाइल करून पाहतो; मला तीच रीत अधिक भरवशाची वाटते.

असे पाहुणे हेडर आपल्या स्वतःच्या हेडरात मात्र घेऊ नये, ज्या एका फायलीत गरज असेल तेथेच घ्यावे. नाही तर आपला कागद मागणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ते हुकूम पोहोचतात. आणि क्लासातील मेजर वाचवावयाचा असेल, तर गोल कंसाऐवजी महिरपी कंस घातला तरी पुरे. गोल कंस दिसल्याशिवाय तो कारकून या शब्दाकडे ढुंकूनही पाहत नाही.