जिंकल्या मुली, वाटा कुणाला?

आज आम्ही अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉलची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लांबची, पण हिशेब आपल्या ओळखीचा.

तिथे दहा-बारा, कुठे अठरा कॉलेजं मिळून एक संघटना असते. तिला कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या गटांचा प्रभागसंघ असतो ना, तसंच काहीसं. हिवाळाभर ही कॉलेजं आपसांत खेळतात. मग मार्चमध्ये देशपातळीवरची स्पर्धा. तिथे मुलांचा संघ जिंकत गेला की कॉन्फरन्सच्या नावावर वाटा जमा व्हायचा, आणि कॉन्फरन्स तो कॉलेजांना द्यायची. मुलींचा संघ जिंकला तर? वाटा नाही!

शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा कायदा तिथे १९७२ सालीच झाला होता. तरी २०२१ मध्ये मुलांना व्यायामाला हॉल भरून साहित्य, आणि मुलींना डंबेल्सची एक लहानशी घोडी. ‘जागा नाही,’ असं आयोजकांनी सांगितलं. एका खेळाडूने मोबाईलवर व्हिडिओ काढून शेजारची रिकामी जागाच दाखवली. मग पळापळ झाली आणि साहित्य आलं.

‘मुलींचे सामने बघतं कोण?’ असंही म्हणायचे. २०२४ चा मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, मुलांचा १ कोटी ४८ लाखांनी.

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ठराव झाला. मुलींची ही स्पर्धा १९८२ पासूनची, म्हणजे वहीत नाव लागायला ४३ वर्षं गेली. पहिल्या वर्षासाठी दीड कोटी डॉलर ठरले. मुलांचा वाटा अजूनही याच्या कितीतरी पट आहे.