गीतकाराचा हक्क आणि आपले कर्तव्य

(वर्षावासातील एका पौर्णिमेस बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेचा आरंभ एका भीमगीताने झाला. गीत संपताच आपण टाळ्या वाजविल्या. पुढे बसलेल्या दोघातिघा तरुणांनी ते आपापल्या मोबाइलवर टिपून घेतले. आज रात्रीपर्यंत ते यूट्यूबवर चढलेले असेल. त्याखाली नाव कोणाचे असेल? ज्याने ते टिपले, त्याचे. ज्याने ते रचले त्याचे नाव या सभेत कोणीही उच्चारले नाही, आणि येथे बसलेल्या पुष्कळांस ते ठाऊकही नसेल. माझा आजचा विषय याच लहानशा गोष्टीत सामावलेला आहे.

आपली चळवळ गाण्याच्या ऋणात आहे. आपल्या वस्तीत वर्तमानपत्र वाचू शकणारा माणूस विरळा होता, त्या काळी बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोचविला तो जलसाकारांनी. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची हजारो गीते आणि विठ्ठल उमपांचा पहाडी आवाज हे आपले धन आहे. पुढे या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, कॅसेटी निघाल्या, आणि आता ती इंटरनेटवरून जगभर ऐकली जातात. गाण्याची वाहने बदलली. परंतु गाणे रचणाराच्या पदरात काय पडले? बहुधा एक नारळ, एक शाल आणि आयोजकाच्या मर्जीप्रमाणे बिदागी.

बिदागी घेण्यात कमीपणा आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु बिदागी आणि हक्क यांत जो भेद आहे, तो ओळखण्यास आपल्याइतका अधिकारी समाज दुसरा नाही. आपल्या आजापणजांनी महारकीचे वतन भोगले, किंबहुना त्या वतनाने त्यांना भोगले. कामाला दिवसरात्र नव्हती, आणि मोबदला म्हणजे बलुते, तेही गावाच्या मर्जीवर. गाव प्रसन्न असेल तर पेंढी मिळावयाची, रुष्ट असेल तर शिवी. या गुलामगिरीवर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. अखेर मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. या साऱ्या लढ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. ज्याने श्रम केले त्याला मोबदला मर्जीने नव्हे, तर हक्काने मिळाला पाहिजे. गीत रचणे हाही श्रमच आहे. मग आपल्या कवीने बलुत्यावर का जगावे?

कायदा काय सांगतो ते आता पाहू. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या दृष्टीने एका ध्वनिमुद्रित गाण्यात चार निरनिराळे हक्क वास करतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गायन गायकाचे, आणि ध्वनिमुद्रण ज्याने पैसा घालून केले त्या निर्मात्याचे. गाणे कवीने कागदावर उतरविले त्या क्षणीच त्याचा हक्क जन्मास येतो. त्यासाठी कोठे नोंदणी करावीच लागते असे नाही. नोंदणी केली तर पुराव्यास बळ येते, एवढेच. हा हक्क कवीबरोबर मरतही नाही. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवर तो मृत्यूनंतर आणखी साठ वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे अशा त्यांच्या गीतांवरील हक्क, तो कायद्याने ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे, २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. यावरून, घरातल्या ट्रंकेत पडलेली आजोबांच्या गाण्यांची जुनी वही ही रद्दी नसून वारसाची मालमत्ता आहे, हे आपल्या ध्यानी येईल.

परंतु कायद्यात हक्क असणे आणि तो हाती येणे या दोन गोष्टी आहेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा संगीत करून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा मालक निर्माता होय. त्यानंतर कित्येक वर्षे गीतकार-संगीतकार एकदाच पैसे घेऊन घरी जात, आणि गाणे मात्र इतरांसाठी कमावीत राही. कलावंतांनी चिकाटीने लढा दिला, राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यांची बाजू मांडली, आणि २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली.

त्या दुरुस्तीतील दोन गोष्टी आपण कोरून ठेवाव्यात. पहिली अशी की, करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारात आलेले नव्हते, त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यातील हक्क त्या कराराने दिला गेला असे धरले जात नाही. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणात, म्हणजे आपली भीमगीते ज्या प्रकारात येतात त्यात, शब्द लिहिणाराला आणि चाल बांधणाराला स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क त्याला कंपनीला विकता येत नाही की सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल आहे. गरजू माणूस पोटासाठी कशावरही सही करतो हे ओळखूनच कायद्याने त्याच्या सहीपासूनही त्याचे रक्षण केले आहे. गायकालाही त्याच्या गायनाच्या व्यापारी उपयोगासाठी रॉयल्टीचा हक्क याच दुरुस्तीने दिला.

इंटरनेटवरील गाण्यांचा वाद न्यायालयात कसा गाजला, तेही आपणांस ठाऊक असावे. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांना ठरावीक दराने पैसे भरून, मालकाची संमती नसतानाही गाणी प्रक्षेपित करण्याची सवलत कायद्यात आहे. विंक या मोबाइलवरील संगीत सेवेने ती सवलत आपणांसही लागू आहे असे म्हटले. टिप्स या संगीत कंपनीने त्यास विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये निर्णय दिला की, ही सवलत इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या वा उतरवून देणाऱ्या सेवांना नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तोच निर्णय कायम केला. म्हणजे इंटरनेटवर गाण्याची किंमत ठरवावयाची ती मालकाशी वाटाघाटी करूनच. निर्णय महत्त्वाचा खरा, पण भांडण दोन धनवंतांचे होते. कंपनी जिंकली म्हणून कवीच्या घरी आपोआप दमडीही येत नाही. त्याच्या हातातील कागद जे सांगेल आणि तो जे मागेल, तेच त्याला मिळेल. त्या दृष्टीने एप्रिल २०२३ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आपल्या अधिक जवळचा आहे. ध्वनिमुद्रण रेडिओवर वाजविले तर त्यातील शब्द आणि चाल यांच्या कर्त्यांनाही रॉयल्टी दिली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेने तो मिळविला. ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. एकट्याला जे मिळत नाही ते संघटनेला मिळते, हे आपणांस नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही.

म्हणून ज्या घरात कवी, शाहीर वा गायक आहे, त्या घराने काही पथ्ये पाळावीत. गाणे तारखेसह लिहून ठेवा. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. त्यात कोणते गाणे, कोणता हक्क, किती वर्षे, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे लिहिले आहे काय, ते पाहा. १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा मानतो. त्याआधीचे कागद जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा, कारण त्यांचा अर्थ त्या काळच्या कायद्याने लावावा लागतो. हक्कावर आक्रमण झाले तर कंपनीच्या शहरी धाव घेण्याचे कारण नाही. आपण जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा कायद्याने दिली आहे.

आता दुसरी बाजू. हक्क मागणाराने इतरांचा हक्क पाळला पाहिजे. आपण पंचशील ग्रहण केले आहे. जे दिलेले नाही ते न घेण्याचे दुसरे शील शेतातल्या कणसापुरतेच आहे काय? दुसऱ्याचे गाणे आपल्या नावाने इंटरनेटवर चढविणे हेही न दिलेले घेणेच होय. आपल्यात लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर भीमगीते बांधण्याची प्रथा आहे. तेथे शब्द आपल्या कवीचे असले तरी चाल दुसऱ्याची असते, हे प्रामाणिकपणे मानले पाहिजे. परंपरेने चालत आलेल्या लोकचालींवर मात्र कोणाचीही मालकी नाही.

याचा अर्थ गाण्यास भ्यावे असा नव्हे. धार्मिक विधीत गीत म्हणण्यास वा ध्वनिमुद्रण वाजविण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि लग्नसमारंभालाही ती सवलत आहे. त्रिसरण आणि पंचशील ही तर साऱ्या मानवजातीची आहेत. ती कोणाच्या मालकीची होऊ शकत नाहीत. परंतु एखाद्या गायकाने म्हटलेल्या वंदनेचे ध्वनिमुद्रण ही त्या गायकाच्या आणि निर्मात्याच्या श्रमाची वस्तू आहे. ते घरी ऐकावे, विहारात लावावे. ते उचलून आपल्या नावे इंटरनेटवर चढवू नये.

शेवटी नावाविषयी बोलतो. हक्क विकला तरी गाण्यावर आपले नाव सांगण्याचा कर्त्याचा अधिकार विकला जात नाही, असे कायदा म्हणतो. ज्या समाजाला शतकानुशतके नावाने नव्हे तर जातीने हाक मारली गेली, त्या समाजास या तरतुदीचे मोल वेगळे सांगावे लागू नये. धम्मदीक्षेने आपण माणूस म्हणून आपले नाव परत मिळविले. आपणच आपल्या कवीला निनावी करावे, हे कोणत्या धम्मात बसते?

यास्तव माझी आपणांस एकच विनंती आहे. ज्या तरुणांनी सुरुवातीचे गीत टिपून घेतले, त्यांनी घरी जाण्यापूर्वी गायकाला कवीचे नाव विचारावे आणि गीत इंटरनेटवर चढविण्यास दोघांची संमती आहे काय, हेही विचारावे. संमती मिळाली तर दोघांची नावे त्याखाली लिहावीत. न मिळाली तर ते स्वतःपाशी ठेवावे. आणि पुढच्या पौर्णिमेपासून या विहारात प्रत्येक गीतापूर्वी त्याच्या कर्त्याचे नाव घेतले जावे. त्यास एक पैसा लागत नाही. न्यायालयातील लढाई ज्याची त्याला लढावी लागेल, परंतु तिचा आरंभ या सभेतूनच झाला पाहिजे.

जय भीम.