कचरा घराचा, हात बाईचे

मैत्रिणींनो, घंटागाडी आली की बादली घेऊन कोण धावतं? आपण. आणि आपण टाकलेलं उकिरड्यावर निवडतं कोण? तीही बाईच, बहुतेक वेळा दलित बाई.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या कितीतरी घरांतल्या बायकांनी हेच काम धरलं. १९९३ साली त्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेत एकत्र आल्या. कचरा वेचणं हे काम आहे, हे त्यांनी पुणे महापालिकेकडून मान्य करून घेतलं. १९९६ साली ओळखपत्रं मिळवली. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली.

२०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायला, पॅड गुंडाळून द्यायला सांगितलं. नियमात 'घर' असतं, घरात मात्र हे काम बाईच्याच माथी येतं. म्हणून वेगळं करणं पुरुषांनीही शिकावं.

परभणीत आपण तीन गोष्टी मागूया: कचऱ्याचा ठेका देण्याआधी वेचणाऱ्या बायकांची नोंद करा, ओळखपत्रं द्या, आणि सुक्या मालावरचा त्यांचा हक्क राखा. सुरुवात आपल्या दारातून करू. उद्या ती आली की आधी तिचं नाव विचारू.