धमतरीचे परदेशी पाहुणे

१९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली, तेव्हा तेथे रशियन तंत्रज्ञ होते. त्याआधी साठ वर्षे, १८९९ मध्ये, भिलाईच्या दक्षिणेस धमतरीला जेकब रेस्लर आणि डॉक्टर पेज पतिपत्नी हे अमेरिकन मेनोनाइट आले. मुलूख दुष्काळाने होरपळत होता. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच; पण प्रथम भुकेल्यांना अन्न आणि पोरक्यांना आसरा द्यावा लागला. अन्न देणाऱ्या हाताने श्रद्धा मागावी काय, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. परदेशी सेवेस निघणाऱ्या आजच्या तरुणांनी तो मनाशी बाळगावा. पाहुणा परततो, मागे उरते ते गावाने आपले मानलेले कार्य. धमतरीचे ख्रिस्ती रुग्णालय आजही रुग्णांच्या सेवेत आहे.