वाचक मराठी, मत त्याचे स्वतःचे

(मंडळाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे एक सूचना आली आहे. मराठी राजभाषेच्या मागणीला विरोध करणारी पत्रे आपल्या मुखपत्रात यापुढे छापू नयेत, अशी ती सूचना आहे. ती मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पाने मोजकी, पैसा सभासदांचा, छपाईचा खर्च दरवर्षी वाढता. मग दुसऱ्याची बाजू आपल्या खर्चाने का छापायची, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर 'छापूच नये' असे नाही, असे आम्हाला वाटते. याचे कारण आपल्या गोव्याच्याच इतिहासात आहे, आणि ते कारण मराठी वृत्तपत्रांशी निगडित आहे.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आपल्या घराघरांत माहीत आहे. आमच्या पिढीने तो पाहिला नाही, पण आमच्या आजी-आजोबांनी त्यात मत दिले. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. मोजणी झाली तेव्हा गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. आकडेमोडीची सवय असलेला माणूस लगेच सांगेल, की सतरा हजारांहून थोडी जास्त मते इकडची तिकडे झाली असती, तर आज आपण महाराष्ट्राचा एक जिल्हा असतो.

ही सतरा हजार मते कोणाची होती? ख्रिस्ती समाजाचा बहुतांश कौल विलीनीकरणाच्या विरोधात जाणार, हे आधीपासून दिसतच होते. पण तेवढ्यावर निकाल लागणे शक्य नव्हते. निकाल लागणार होता तो हिंदू मतदारांवर. हा मतदार घरी कोकणी बोलत असला, तरी वाचत होता मराठी. पोथी मराठीत, आरती आणि भजन मराठीत, नाटक मराठीत आणि सकाळचे वर्तमानपत्रही मराठीत. म्हणून विलीनीकरणाच्या विरोधकांनी आपली मुख्य लढाई मराठीतूनच लढवली. त्यासाठी त्यांच्या हाती होते मडगावचे 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक. संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. ते वाचण्यासाठी विरोधकही अंक हातात घेत, असे जुनी माणसे आजही सांगतात.

मित्रहो, यातली गंमत नीट ध्यानात घ्या. महाराष्ट्रात जायचे नाही, हा युक्तिवाद मराठी भाषेत मांडला गेला, मराठी वाचकापुढे मांडला गेला आणि मराठी वाचकाच्या एका मोठ्या हिश्श्याने तो मान्य केला.

याचा अर्थ विलीनीकरणवादी चुकीचे होते किंवा त्यांची बाजू लेचीपेची होती, असा कोणी काढू नये. या सभागृहातील बहुतेक घराणी त्याच बाजूची होती आणि त्याला भक्कम कारणे होती. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्या बहुजन समाजाला पोर्तुगीज राजवटीत शाळेची पायरी चढता आली नव्हती, त्याची मुले त्या शाळांतून शिकली. १९६४ चा कूळ कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. कुळाला आणि मुंडकाराला विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या सत्तेतून सुटण्याची वाट वाटत होती. मराठी ही त्यांच्यासाठी शिक्षणाची आणि मानाची भाषा होती. दैनिक 'गोमन्तक' या बाजूने उभा होता आणि त्याचा वाचकवर्ग मोठा होता.

मग गणित कुठे चुकले? आमच्या समजुतीप्रमाणे ते गृहीतकात चुकले. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत मगो पक्ष सत्तेवर आला आणि तोच विलीनीकरणाचा कौल, असे मानले गेले. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठरावही केला. मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे उदाहरण ताजे होते. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले. तिथे मराठी वाचक आणि मराठी राज्याची मागणी एकरूप झाली होती. ते तिथे झाले, तर इथे का होणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. पण मुंबईच्या मराठी माणसापुढे, स्वतःच्याच शहरात आपण उपरे ठरू की काय, हा प्रश्न होता. गोव्याच्या मराठी वाचकापुढे नेमका उलटा प्रश्न उभा करण्यात आला: आपल्या गावचा कारभार आपल्या हातून दूर जाणार का?

आणि तो प्रश्न हवेतला नव्हता. मुक्तीनंतर शेजारच्या राज्यांतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी कचेऱ्यांत बसले होते आणि त्याची नाराजी लोकांत होती. विलीनीकरण झाले तर पणजीची राजधानी जाईल, सचिवालय जाईल, नोकऱ्यांसाठी मुंबईकडे पाहावे लागेल, हे प्रत्येक सुशिक्षित घराला कळत होते. महाराष्ट्रातल्या दारूबंदीचा मुद्दा रेंदेरांच्या वस्तीत पोहोचला. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत उल्हास बुयांव यांच्यासारख्यांची कोकणी गाणी पोहोचली. दुकानाच्या फळीवर एकाने पेपर मोठ्याने वाचायचा आणि चौघांनी ऐकायचा, हा तर तेव्हाचा रोजचा रिवाज. नोकरी, कचेरी, माड, गावचा मान, अशा रोजच्या गोष्टींतून प्रचार झाला. भाषेवरचे प्रेम सोडा, असे 'राष्ट्रमत' वाचकाला सांगत नव्हते, आणि सांगण्याची गरजही नव्हती. ते स्वतःच मराठीत निघत होते.

छापील शब्दाला तेव्हा एवढे वजन का होते, हेही आठवले पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत छापण्याआधी मजकूर तपासला जाई. स्वातंत्र्याची बातमी चोरून ऐकावी लागे. १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सरहद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवले, तेव्हा कुठे गोव्यातल्या माणसाच्या कानावर दुसरी बाजू पडू लागली. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती झाली आणि २४ मार्च १९६२ रोजी 'गोमन्तक' सुरू झाला. म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत. इतकी वर्षे तहानलेला वाचक होता. त्याला एकाच सकाळी दोन वर्तमानपत्रे, दोन बाजू आणि दोन्ही आपल्या भाषेत, हे पहिल्यांदाच मिळत होते. तो दोन्ही वाचून ठरवत होता.

आता पुढचा भाग पाहा. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. विलीनीकरण हरले. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्याच मतदारांनी ३० पैकी १६ जागा मगो पक्षाला दिल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला, त्यांच्यापैकी अनेकांनी पुन्हा मगोला मत दिले असल्याशिवाय हा निकाल लागत नाही. वर्तमानपत्राने त्यांचे एक मत बदलले. त्यांची जात, त्यांची भाषा, त्यांचा नेता बदलला नाही. माणसाची ओळख एक, तरी त्याची मते अनेक असतात, हे त्या वर्षाने आपल्याला दाखवले.

वीस वर्षांनी मात्र वेगळे चित्र दिसले. १९८५ मध्ये कोकणी राजभाषेचे खासगी विधेयक विधानसभेत मांडले गेले.  ते फेटाळले गेले आणि दोन्ही बाजूंनी आंदोलने पेटली. डिसेंबर १९८६ च्या दंगलीत माणसे मेली, घरे आणि दुकाने जळली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक विधानसभेत मंजूर झाले. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद राहिली. आमच्या लहानपणीच्या आठवणीत त्या दिवसांतले बंद दरवाजे आहेत. १९६७ मध्ये दोन बाजू एकमेकांना उत्तरे देत होत्या. १९८६ मध्ये जो तो आपल्याच लोकांशी आणि आपल्याच पानावर बोलत होता. शेजारी काय म्हणतो ते वाचायचेच नाही असे ठरले, की शेजारी हा माणूस राहत नाही, नुसती बाजू उरते.

ही तटबंदी कायमची नसते, याचाही दाखला आहे. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर भाऊसाहेबांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर आणि उदय भेंब्रे एकत्र दिसले. १९६७ चे दोन काठ तिथे जोडले गेले होते. मराठीवादी आणि कोकणीवादी दोघांनाही आपापल्या मुलांच्या शाळेची काळजी होती. असे एकत्र येणे शक्य झाले, कारण मधली कितीतरी वर्षे ही माणसे एकमेकांचे लिखाण वाचत होती. विरोधात का होईना, पण वाचत होती.

आज आपल्या सभासदांपैकी निम्म्यांच्या हातात मराठी राजभाषेबद्दलचा मजकूर कागदावरून येत नाही, मोबाइलवरून येतो. कोणी लिहिला, कधी लिहिला, खरे काय, याचा पत्ता नसतो. आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारे लोक. सही नसलेला चेक आम्ही वटवत नाही, मग तो कितीही मोठ्या माणसाने हातात दिलेला असो. त्याच सभासदांनी बिनसहीचा मजकूर मात्र डोळे झाकून पुढे पाठवावा, हे आम्हाला पटत नाही. १८६७ च्या इंग्रजी कायद्यापासून प्रत्येक छापील अंकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव घालावे लागते. २०२३ चा नवा कायदा आला, तरी हे बंधन गेलेले नाही. कायद्याने हे का ठेवले? लिहिणाऱ्याला जाब विचारता यावा म्हणून. केणी आणि भेंब्रे यांना जाब विचारता येत होता, कारण त्यांचे नाव-गाव सर्वांना ठाऊक होते.

आता आपल्या मुखपत्राकडे वळू. मराठीला राजभाषेचा पूर्ण दर्जा मिळावा, ही आमचीही मागणी आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण ही मागणी पुरी व्हायची असेल, तर ती कोणाला पटवायची आहे? आपल्याला ती पटलेलीच आहे. पटवायची आहे ती आपल्याच घरात मराठी वाचणाऱ्या आणि तरीही 'आता कशाला जुना वाद?' असे म्हणणाऱ्या सुनेला, मुलाला, शेजाऱ्याला. त्यांची शंका छापलीच नाही, तर उत्तर कशाला देणार? विरोधी पत्रे बंद केल्याने विरोध बंद होत नाही. तो बिनसहीचा होऊन मोबाइलवर फिरू लागतो.

म्हणून आमची सभेला विनंती अशी आहे. सूचना नामंजूर करावी आणि तिच्या जागी तीन नियम घालून घ्यावेत. पहिला, मुखपत्रात नाव आणि गाव दिल्याशिवाय एकही पत्र छापू नये, मग ते आपल्या बाजूचे असले तरी. दुसरा, विरोधी पत्र आले तर ते छापावे आणि त्याच अंकात किंवा पुढच्या अंकात मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यावे. उत्तर लिहायला माणूस मिळाला नाही, तर तो आपला कमीपणा समजावा, पत्र लिहिणाऱ्याचा नव्हे. तिसरा, राजभाषेचा प्रश्न लिहिताना तो कचेरीच्या खिडकीवर, शाळेच्या वर्गात आणि नोकरीच्या अर्जावर कुठे अडतो, ते लिहावे. अमुक अर्ज मराठीत दिला, तो घेतला की परत केला, एवढे साधे लिहावे. अशा दहा नोंदींचे वजन एका अग्रलेखाहून जास्त भरेल.

पाने वाढवायला पैसे नाहीत, हे खजिनदारांचे म्हणणे बरोबर आहे. अभिनंदनाचे फोटो दोन कमी केले, की पत्रांना जागा होते. त्यातला एक फोटो आमचाच असेल, तर तो आधी काढावा.

आपण कुणाच्या हिशेबातली ठोक मते नाही. १९६७ मध्ये आपल्या वाडवडिलांनी मराठी वर्तमानपत्र वाचले आणि त्याच भाषेत दोन वेगवेगळी मते दिली. त्यांच्यापैकी एकाची बाजू जिंकली, दुसऱ्याची हरली, आणि दोघेही दुसऱ्या दिवशी त्याच देवळात आरतीला उभे राहिले. तेवढा विश्वास आपण आपल्या वाचकावर टाकावा, अशी विनंती करून आम्ही ही दुरुस्ती सभेपुढे मताला ठेवतो.